जावयाच्या ताटातला गेम

‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण ज्यानं काढली तो कुणाचा तरी सासरा असणार. जावयाला अशी म्हण सुचणं शक्य नाही. तेरावा महिना म्हणजे अधिक महिना, आमच्याकडचा धोंड्याचा महिना. तो आला की सासरची माणसं जावयाला बोलावतात, पाटावर बसवतात, ओवाळतात, पुरणाचे धोंडे पोटाला तडस लागेपर्यंत खाऊ घालतात आणि ताटात अनारशांबरोबर काहीतरी भेट ठेवून परत पाठवतात. एरवी ज्याला कुणी हिंग लावून विचारत नाही तो माणूस त्या दुपारपुरता साक्षात नारायण होतो. माझ्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना होता, आणि मला नारायण व्हायची बिलकुल इच्छा नव्हती.

कारण माझे सासरे माझ्याशी बोलत नव्हते.

भांडण काही नव्हतं. लग्नाला आले होते, अक्षता टाकल्या होत्या, आहेर केला होता. पण टेंभुर्णीतलं त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या शेतीतलं. त्यांची लेक नवीन जालन्यात बियाणांच्या कंपनीत नोकरीला लागली आणि त्याच ऑफिसातला एक मुलगा पसंत करून बसली. तो मुलगा मी. माझा जन्म जुन्या जालन्यातला, कापडाच्या दुकानावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांतला. माझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही. कंपनीच्या प्रयोगशाळेत बी उगवतंय की नाही ते तपासायचं, हे माझं काम; म्हणजे मातीशी माझा संबंध एवढ्याशा ट्रेपुरता. अशा माणसाशी त्यांनी काय बोलावं?

ते बोलायचे, पण माझ्या बायकोमार्फत. मी त्याच बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसलेलो असायचो आणि ते लेकीला म्हणायचे, “त्यांना विचार, चहा घेतात का.” ती माझ्याकडं बघायची. मी तिला म्हणायचो, “घेईन थोडा.” ती त्यांना सांगायची, “घेतील म्हणतात.” दोन देशांचे राजे आणि मधे दुभाषी, असा सगळा थाट. शिवाय ऑफिसात आणि घरी मला ‘अरे’ म्हणणारी ही बाई टेंभुर्णीत पाऊल ठेवलं की ‘अहो’ म्हणायला लागायची, त्यामुळं मला तिथं आपलं म्हणावं असं कुणीच उरायचं नाही.

मला ते लागायचं. परत येताना मोटरसायकलवर मी जाफराबाद रोडभर तणतणत यायचो. “मी काय बहिरा आहे? समोर बसलोय ना मी?” ती मागून म्हणायची, “तू तरी कुठं बोलतोस?” मग मी म्हणायचो, “मोठ्या माणसानं आधी बोलायचं असतं.” यावर ती गप्प बसायची, आणि माझं म्हणणं तिला पटलंय असं मी समजायचो.

तर हा झाला सासऱ्यांचा प्रश्न. त्या दिवसांत माझ्यापुढं आणखी एक प्रश्न होता आणि खरं सांगायचं तर तो मला जास्त छळत होता. मला नवा गेम घ्यायचा होता आणि दोन गेमांत माझं घोडं अडलं होतं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे गेम म्हणजे अशा एका जगात जायचं जे कुठंच नाही. तिथं जादू असते, राक्षस असतात, तलवारी असतात, आणि आपण त्यातला एक माणूस होऊन महिनोन्‌महिने हिंडत राहायचं. घरच्या कॉम्प्युटरला मी टीव्ही जोडलाय. ऑफिसातून आलो की तासभर हे माझं दुसरं आयुष्य. पहिल्या गेममध्ये हिरो एकटा होता. एक घोडा, एक तलवार आणि संपेचना एवढा मोठा मुलूख. डोंगरातल्या गुहेत आग ओकणारा, पंखवाला एक राक्षस. त्याला मारायचं, पण कधी आणि कसं ते आपल्या मर्जीवर. दुसऱ्यात चार सोबती होते: एक जादूगारीण, एक बुटका लोहार, एक चोर आणि एक आपण. त्यात लढाई एकदम व्हायची नाही. ज्याचा नंबर येईल त्यानं वार करायचा, बाकीच्यांनी उभं राहून वाट बघायची. काहीही करायचं तर फासे टाकायचे, आणि वाटेत कुठलाही निर्णय घेतला की कुणीतरी एक सोबती रुसायचा.

माझा जीव पहिल्यावर होता. पण ज्याला विचारावं तो दुसऱ्याचे गोडवे गात होता. मी दोन्हींचे व्हिडिओ बघितले, दोन्हींच्या नावानं लोकांनी घातलेल्या शिव्या वाचल्या, आणि रोज संध्याकाळी बायकोला नव्यानं बाजू समजावून सांगितल्या. ती म्हणाली, “मला पसंत करायला एवढा वेळ लावला असतास तर माझं लग्न दुसरीकडं झालं असतं.”

अशात टेंभुर्णीहून फोन आला. फोन तिच्या वडिलांचा आणि अर्थातच तिला. धोंड्याला या, आणि त्यांना विचार, ताटात काय ठेवायचं. अंगठी, घड्याळ, काय पायजे ते. मी शेजारीच जेवत होतो. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या तोंडात घास होता, आणि तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, म्हणाली, “आबा, त्यांना गेम पाहिजे.”

मला ठसकाच लागला. पलीकडून आवाज आला, “कोणता गेम?”

“तेच ठरत नाहीये त्यांचं. दोन आहेत.”

“दोन हायत,” आबा म्हणाले. “मंग बघून घ्यावं लागंल.”

इथं सासऱ्यांचा स्वभाव सांगितला पाहिजे. हा माणूस कपाशीचं बियाणं घ्यायचं तरी तीन गावं हिंडून उभं पीक बघून येतो. कंपनीच्या पिशवीवरच्या फोटोवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, आणि आमच्या धंद्यात असलेल्या मला ते बरोबरच वाटतं. “पिशवीवर काय बी छापतेत,” असं ते म्हणतात, “शेजाऱ्याच्या वावरात कसं आलंय ते दावा.” तोच नियम त्यांनी गेमला लावला. पुढच्या रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे. डोक्याला रुमाल, हातात पिशवीभर शेवग्याच्या शेंगा. पाणी प्यायले, सोफ्यावर टेकले आणि लेकीला म्हणाले, “त्यांना म्हण, दाखवा.”

मी दुसऱ्या कुणीतरी खेळलेल्या पहिल्या गेमचा व्हिडिओ लावला. सुरुवातीला सगळं रीतसर चाललं. ते लेकीला विचारायचे, ती मला, मी तिला, ती त्यांना. पण ती स्वैपाकघरात होती. दर मिनिटाला ओल्या हातानं बाहेर यायचं आणि ‘तो राक्षस काय खातो’ असल्या प्रश्नाचं उत्तर इकडून तिकडं पोचवायचं, याला ती लवकरच विटली. “मी कुकर लावलाय,” तिनं जाहीर केलं, “तुमचं तुम्ही बघा.” आणि आत गेली ती गेलीच.

आता आली का पंचाईत! खोलीत आम्ही दोघं आणि टीव्ही. पडद्यावर हिरो डोंगर चढत होता. मग सासरे टीव्हीकडं बघत टीव्हीलाच म्हणाले, “घोडं तहानलं आसंल.”

मी पण टीव्हीकडं बघूनच म्हणालो, “यात घोड्याला तहान लागत नाही.”

“मंग कायचा घोडा,” ते टीव्हीला म्हणाले.

थोड्या वेळानं राक्षस आला, त्यानं एक गाव पेटवलं. “गावातले लोक काय करून राह्यले मंग?” त्यांनी टीव्हीला विचारलं.

“ते या हिरोची वाट बघतात,” मी टीव्हीला सांगितलं.

“सगळेच?”

“सगळेच.”

“काम न्हाई धंदा न्हाई,” ते म्हणाले.

मग मी दुसरा लावला. त्यात ते चौघं एका पुलावर अडकले होते आणि समोर सात-आठ गुंड. बुटक्या लोहाराचा नंबर आला होता, खेळणारा विचार करत होता आणि सगळे जिथल्या तिथं उभे. मला वाटलं, आता हे कंटाळणार. पण सासरे पुढं सरकून बसले. “आता ह्याचा नंबर हाय का?” “हो.” “मंग मारीना का?” “खेळणारा विचार करतोय.” “करू द्या, करू द्या. घाई कायची?” लोहारानं फासे टाकले, वार फुकट गेला, आणि त्यांनी मांडीवर हात मारून चकचक केलं. एरवी भावकीच्या बैठकीत कुणी कुणाला बोलू देत नाही, इथं प्रत्येकाला बोलावंच लागतंय, हे बराबर हाय, असं ते टीव्हीला म्हणाले. मला हसू येत होतं. खरं तर मला मजा येत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसून माझी पाठ अवघडली नव्हती.

जेवण झालं, त्यांनी रुमाल डोक्याला गुंडाळला. बंद टीव्हीकडं बघत त्यांनी विचारलं, “मंग कोणता?”

आता सरळ सांगायला काय झालं होतं? पण जावयाची जीभ सासऱ्यासमोर गोड होते, तशी माझी झाली. “तुम्ही म्हणाल तो,” मी म्हणालो. ते उठले, स्वैपाकघराकडं तोंड करून “येतो गं” म्हणाले आणि गेले.

“तुला पहिला हवा होता ना?” बायको म्हणाली.

“मग? ते ताटात पाकीट ठेवणार. मी मला हवा तो घेईन. कुणाला काय कळतंय?”

हा माझा हिशेब होता. कारण हल्ली हे गेम हातात घ्यायची वस्तू राहिलेले नाहीत. इंटरनेटवर विकत घ्यायचे, कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे. डबी नाही, पुडकं नाही. जिला हळदकुंकू लावता येत नाही ती वस्तू धोंड्याच्या ताटात ठेवायची कशी, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. सासऱ्यांच्या मात्र आला.

ठरल्या दिवशी आम्ही टेंभुर्णीला गेलो. ऊन मी म्हणत होतं. ओसरीवर भावकीतली झाडून सगळी माणसं जमली होती, बायका आतल्या दारात दाटीवाटीनं उभ्या. मला पाटावर बसवलं. सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, मला ओवाळलं आणि माझ्या पायांना हात लावायला वाकल्या, तेव्हा मला संकोचानं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग ताट आलं. जाळीदार अनारसे, वर तेवणारा दिवा, शर्टपँटचं कापड, टोपी, आणि रुमालाखाली काहीतरी चपटं. मामींनी रुमाल काढला.

तो गेम होता. दुसरा. चार सोबत्यांचा. एक चकचकीत डबी, त्यावर तो बुटका लोहार, आणि लोहाराच्या कपाळावर बरोबर मधोमध हळदकुंकू.

सासरे बियाणं न्यायला जालन्याला आले होते तेव्हा बाजारात फिरून, दुकानदारापुढं उभं राहून, चौघांचं वर्णन करकरून त्यांनी तो मिळवला होता. हे सगळं मामींनी तिथंच कौतुकानं सांगितलं. डबीत चकती होती. ती चकती चालायला एक वेगळं मशीन लागतं. ते आमच्याकडं नाही. आमच्या कॉम्प्युटरला चकती घालायला फटच नाही.

बायकोनं डबी बघितली आणि तिला क्षणात सगळं समजलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की त्यात हात जोडलेले स्पष्ट दिसत होते: आजच्या दिवस गप्प बस. सासरे डबीकडं बघत होते. माझ्याकडं नाही. लेकीला म्हणाले, “त्यांना विचार, बराबर हाय ना?”

‘बराबर आहे’ हे दोन शब्द माझ्या ओठावर होते. ते बोलून टाकले असते तर सगळे सुखी झाले असते. डबी आमच्या कपाटात गेली असती आणि दर भेटीला “त्यांना विचार, त्या लोहाराचं काय झालं” या प्रश्नाला मी जन्मभर थापा मारत राहिलो असतो. आणि त्यांनी माझ्यासाठी उन्हातान्हात बाजार पालथा घातला होता. गुंठाभर जमीन नसलेल्या, त्यांच्याशी एक धड वाक्य न बोललेल्या माणसासाठी. अशा माणसाला थाप मारायची म्हणजे मला ते जमेना.

मी पहिल्यांदाच त्यांच्याकडं तोंड करून म्हणालो, “मामा, हा आपल्याकडं चालणार नाही.”

बायकोनं डोळे मिटून घेतले.

“का?” सासऱ्यांनी विचारलं. मला विचारलं. मला!

मी सांगितलं. मशीन वेगळं लागतं, हल्ली गेम इंटरनेटवरून येतो, आमच्याकडं चकती बसतच नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग त्यांचा पारा चढला.

“मंग हे त्या दिवशी सांगायचं कोणी? मी तुमच्या घरी आल्तो, चांगला जेवणापर्यंत बसल्तो. कोणता म्हणलं तर ‘तुम्ही म्हणाल तो’! मला काय कळतंय त्यातलं? मी काय म्हणणार? तोंड न्हाई का तुम्हाला?”

“अहो, अहो,” मामी कळवळल्या, “आज नारायण हायत ते!”

“नारायणाला बी तोंड आसतंय!” सासरे गरजले. दारातल्या बायकांत खसखस पिकली, पण ते थांबले नाहीत. तुंबलेलं पाणी होतं ते. “दोन वर्षं झाली. आले की पोरीच्या मागं जाऊन बसतेत. आपून होऊन एक शब्द न्हाई. ना पिकापाण्याचं विचारणं, ना तब्येतीचं. मी म्हणलं, शिकलेला माणूस, हाफिसातला, आपल्याशी काय बोलावं त्यांनी? त्यांची मर्जी न्हाई तर कशाला बळंच बोलावं? म्हणून मी बी पोरीलाच विचारीत आलो.”

दोन वर्षं मी ज्यासाठी रस्ताभर तणतणत होतो, नेमकी तीच तक्रार हा माणूस माझ्याविरुद्ध मनात धरून बसला होता. बायको माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर ‘तरी मी सांगत होते’ हे एवढं ठळक होतं की ते बोलायची तिला गरजच पडली नाही.

“मला वाटलं, तुम्हाला मी पसंत नाही,” मी म्हणालो.

“नव्हताच,” सासरे म्हणाले. “लग्नाच्या वक्ताला बिलकुल पसंत नव्हता. त्याला आता काय करता? पर पसंत न्हाई म्हणून बोलायचं न्हाई, आसं कुठं आसतंय का?”

आता मात्र सगळी ओसरी हसली. सगळ्यात जोरात मी. भर धोंड्यात, पाटावर, भावकीदेखत मी सासऱ्यांच्या शिव्या खात होतो आणि मला एवढं हलकं वाटत होतं की सांगता सोय नाही. परक्याला कोण रागावतं? घरच्या माणसालाच लोक असं झाडतात.

“आता सांगा,” ते म्हणाले. “कोणता पायजे? तुमच्या तोंडानं सांगा.”

“पहिला,” मी म्हणालो. “राक्षसाचा.”

“त्यो? एकट्याचा?”

“तोच.”

त्यांनी मान हलवली. “आवड आपली आपली. घ्या मंग.”

पण गेमशिवाय ताट कसं पाठवायचं, यावर मामी अडून बसल्या. शेवटी बायकोनं माझ्या फोनवर पहिल्या गेमचं चित्र उघडलं, सासऱ्यांनी त्यांच्या फोनवरून मला पैसे पाठवले, मी तिथंच पाटावर बसल्या बसल्या गेम विकत घेतला, आणि मामींनी फोन ताटात ठेवून त्याच्या काचेला हळदकुंकू लावलं. कुंकू लागल्यावर फोन आपोआपच काहीतरी करायला लागला आणि त्यानं माझ्या साहेबांना फोन लावला. साहेबांनाही धोंडे खायला या म्हणून सांगावं लागलं. चकतीची डबी सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन परत केली, आणि ‘गिऱ्हाइकाला मशीन कोणतं ते आधी विचारावं’ असं दुकानदारालाही सुनावून आले म्हणे.

अधिक महिना सरला. मी त्या मुलखात हिंडायला लागलो. खरंच फार सुंदर मुलूख आहे. एका संध्याकाळी मी राक्षसाच्या गुहेच्या तोंडाशी पोचलो होतो, तलवारीला धार लावली होती, आणि फोन वाजला. सासरे होते. सवयीनं मी उठलो आणि म्हणालो, “थांबा हं मामा, देतो तिला.”

“तिला कशाला? तुमच्याशी काम हाय,” ते म्हणाले. “त्यो राक्षस मेला का?”

“नाही अजून. आता मारायलाच निघालो होतो.”

“थांबा. जल्दी करू नका. पेरणी उरकली की मी येतो. मला बघायचाय त्यो मरताना.” मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, “थांबाल ना?”

“थांबतो की,” मी म्हणालो.

पेरणी काही उरकत नाहीये. आज तिफण मोडली, उद्या मजूर आले नाहीत. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो, मी त्यांना राक्षसाची खुशाली सांगतो, ते मला वावराची सांगतात. गुहेबाहेर मी नुसता झाडपाला गोळा करत फिरतोय. राक्षस रोज खाली उतरतो आणि कुणाची ना कुणाची घरं पेटवून जातो. गावातले लोक माझ्या घोड्यापुढं येऊन हात जोडतात. परवा बायको टीव्हीसमोर उभी राहून म्हणाली, “अरे, मार ना त्याला एकदाचा! अख्खं गाव जळतंय.”

“जळू दे,” मी म्हणालो. “मामा येऊ देत.”